चिरलेल्या सहा गंज्या

आधी कुयांचे आभार, मग हकीकत. कुया म्हणजे फिलिपिनो लोकांत थोरला भाऊ. आमच्या शेडमध्ये शिलाई मशीनवर बसणाऱ्या त्या माणसाला सगळे कुयाच म्हणायचे. ते नसते तर पहिल्याच वर्षी मी गावी परत गेलो असतो, आणि नववीतून शाळा सोडलेल्या मुलाला वडिलांनी उंबऱ्यातच विचारलं असतं, "तिथंही नापास?"

आखातातल्या हमरिया फ्री झोनमध्ये आमच्याकडे अमेरिकेतून जुन्या कपड्यांचे गठ्ठे यायचे. चांगला कपडा पेटीत, फाटका चिंध्यांत. चिंध्या कापून मशिनी पुसायला जायच्या. काय कुठं टाकायचं ते मी ठरवायचो, कात्रीही माझ्याकडेच, आणि प्रत्येक वेळी मला घाम फुटायचा.

एका गुरुवारी सहा चकचकीत गंज्या निघाल्या. पाठीवर मोठ्या अक्षरांत नावं, खाली आकडे. आमच्या गावाकडे नाव कोरतात ते भांड्यांवर. दुसऱ्याच्या नावाची वाटी चुकून घरी आली तर आई त्याच दिवशी परत धाडायची. मग दुसऱ्याच्या नावाची गंजी कोण घालणार? मी सहाही मधोमध उभ्या चिरल्या, एकेकीचे दोन तुकडे.

तेवढ्यात मॅनेजर आले. पुण्याचे.

"अरे, बास्केटबॉलच्या सहा गंज्या निघतील बघ. बंद पडलेल्या टीमच्या आहेत. शनिवारी खास त्यासाठी कस्टमर येतोय. जपून ठेव हं, नाहीतर तुझं परतीचं तिकीटच काढतो."

"इन्शाल्ला," मी म्हणालो आणि चिंध्यांच्या ढिगापुढे आडवा उभा राहिलो.

कुयांनी चिंध्या पाहिल्या आणि डोक्याला हात लावला. मग म्हणाले, "टेन्शन नहीं. फ्रायडे को मेरे रूम पे आना. कैंची मत छूना."

शुक्रवारी सकाळी अल कुसैसला त्यांच्या खोलीवर गेलो. चिरलेले अर्धे भाग मी जुळवून द्यायचे, त्यांनी शिवायचे. शिवता शिवता कुया मोडक्या हिंदीत बास्केटबॉलचा इतिहास सांगत होते. फार पूर्वी खेळाडू तारेच्या जाळीत खेळायचे, नाचाच्या हॉलमध्ये. मॅच संपली की तिथंच नाच. टीम गावं बदलायच्या, लीग निघायच्या, बुडायच्या. एका लीगचा तर चेंडूच लाल-पांढरा-निळा होता.

"फिर?"

"फिर खलास. वो भी बंद."

प्रत्येक गोष्टीचा शेवट हाच. नोकरीच्या काळजीत असलेल्या माणसाला असला इतिहास सांगू नये.

माझं इंग्रजी कच्चं, म्हणून मी अक्षरांची उंची बघून नावं जुळवली. आकड्यांनी काहीच अडवलं नाही. कुठलेही दोन आकडे शेजारी ठेवले की संख्या होतेच. कुयांची नजर टाक्यावर, माझी त्यांच्या तोंडाकडे. नावं कोणीच वाचली नाहीत.

शनिवारी पिकल्या केसांचा अमेरिकन आला. एकेक गंजी उलटी करून बघता बघता थांबला. दोन गंज्या शेजारी ठेवल्या, पाठीवरची नावं मोठ्यानं वाचली आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. मॅनेजरांचा चेहरा पडला.

"हे दोन खेळाडू कधी जन्मलेच नाहीत म्हणतोय. एकाचं अर्धं नाव दुसऱ्याला जोडलंय! कोणी केलं हे?"

मला विमानाची शिडी दिसायला लागली. तेवढ्यात कुया उठून उभे राहिले.

"माय मिस्टेक, सर. कैंची मेरी, सिलाई भी मेरी."

अमेरिकन आधी टाके बघत राहिला, मग पोट धरून हसला. मॅनेजरांनी नंतर सांगितलं, तो म्हणाला, जुन्या लीगमध्ये खोट्या नावानं खेळणारे पुष्कळ होते, त्यांत आणखी दोन. त्यानं सहाही घेतल्या, आणि पेटीत ते न जन्मलेले दोघे सगळ्यांत वर ठेवले.

तो गेल्यावर मॅनेजर माझ्याजवळ आले. "कुयांच्या हातात कात्री कधीपासून आली रे?" मी कात्री गठ्ठ्यामागे सरकवली. "यल्ला, कामाला लाग," एवढंच म्हणाले.

जेवताना मी कुयांची माफी मागितली. तेव्हा कळलं, ज्या दोघांची नावं मी मिसळली त्यांतला एक त्यांचा लहानपणापासूनचा लाडका खेळाडू; त्यांनाही ते अमेरिकनानं नावं वाचल्यावरच समजलं. आधी समजलं असतं तर त्याची गंजी त्यांनी मॅनेजरांकडून मागून घेतली असती. "आधा मिलता तो भी चलता," म्हणाले आणि माझ्याच डब्यातलं लोणचं उचललं.

कुया आता त्यांच्या बेटावर परत गेलेत. मी अजून गठ्ठेच फोडतो. कुया, तुमच्या खेळाडूची गंजी सापडेल त्या दिवशी मी स्वतः घेऊन येईन. अखंड. आणि निघण्याआधी पाठीवरचं नाव कोणाकडून तरी वाचून घेईन.