पाठमोरी जमनीमावशी

जमनीमावशी आमच्याकडे अकरा महिने होती. नयन दीड वर्षाचा झाला आणि माझी रजा संपली. यवतमाळात आमचं घर दोन खोल्यांचं. मी आणि प्रफुल्ल दोघंही नोकरीवर, सासूबाई गावी शेतीच्या मागे. घाटंजी रस्त्यावरच्या एका बंजारा तांड्यातून ती रोज ऑटोने यायची. पंचावन्नच्या आसपासची, उंच, कपाळावर हिरवं गोंदण. तिच्या आजोबांच्या पिढीपर्यंत त्यांच्या घरात बैलांवर धान्य-मीठ लादून गावोगाव न्यायचा धंदा होता. आता कोरडवाहू तीन एकर, त्यात कापूस आणि तूर.

पहिल्याच दिवशी मी तिला खेळण्यांची टोपली दाखवली. दिवे लागणारी गाडी, गाणारा हत्ती, बटण दाबलं की ए-बी-सी-डी म्हणणारा बोर्ड. तिने हत्ती हातात घेतला, बटण दाबलं, गाणं पूर्ण होईपर्यंत शांतपणे ऐकलं.

"हा त सोताच खेळते," ती म्हणाली. "मंग लेकरानं काय करावं?"

मला हसू आलं नाही. त्या हत्तीसाठी मी दोन दिवस मोबाईलवर शोधाशोध केली होती.

नयनला खेळणं द्यायचं नाही, काम द्यायचं, अशी तिची रीत होती. ती तूर सोलायला बसली की चार शेंगा त्याच्या वाटीत. ती कपडे धुवायला बसली की एक हातरुमाल त्याचा. परातीत बोटभर पाणी, एक लोटा, दोन वाट्या, की तासभर त्याचं ओतणं चाले. जुना रंगाचा ब्रश पाण्यात बुडवून तो अंगणाची भिंत रंगवायचा. भिंत वाळली की पुन्हा रंगवायची, कारण काम तर राहिलेलंच असायचं. स्वयंपाकघरातले सगळे डबे आणि झाकणं ती एकत्र ओतायची आणि कोणतं कोणाचं ते त्याला लावायला सांगायची. आज दिलेली वस्तू उद्या लपवून ठेवायची, चार दिवसांनी काढायची. तेव्हा तो त्या वस्तूकडे पाहुणा आल्यासारखा बघायचा.

कापसाची बोंडं तिने एकदा शेतातून आणली. सरकीवरून कापूस ओढून काढणं दोन वर्षांच्या बोटांना कठीण. नयन जीभ बाहेर काढून ओढत बसला. मी त्या दिवशी सुट्टीवर होते. सरकी नाकात जाईल, तोंडात जाईल, असं मी तीनदा म्हटलं. तिने तीनही वेळा मान डोलावली आणि सरकी मोजून परत डब्यात टाकली. बावीस दिल्या होत्या, बावीस आल्या.

आणि घुंगरू. काळ्या दोऱ्यात ओवलेले पितळेचे पाच घुंगरू तिने नयनच्या डाव्या पायात बांधले होते. तिच्या आईने कापूस वेचताना तिच्या पायात असेच बांधलेले, तिने आपल्या चार लेकरांच्या पायात. मला ते गोड वाटलं, बस. कशासाठी, हे मी विचारलं नाही.

तो तिला याडी म्हणायला लागला, तेव्हा मात्र मी अर्थ विचारला. त्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. तिच्या सुनेची मुलं घरी जमनीमावशीलाही तसंच म्हणायची, म्हणून स्वतःबद्दल बोलताना तिच्या तोंडी तो शब्द असायचा आणि नयनने तो उचलला होता. मी हसून सोडून दिलं. आज प्रामाणिकपणे लिहायचं तर मी ते मनातून सोडलं नव्हतं. त्यानंतर पंधरा दिवसांतच मी प्रफुल्लकडे हॉलमध्ये कॅमेरा लावायचा आग्रह धरला. कारण सांगितलं, काळजी वाटते. तेही खोटं नव्हतं.

ऑफिसात मी टेबलाखाली मोबाईल धरून बघायची. आवाज बंद ठेवून, कारण शेजारी साहेबांची केबिन. दिसायचं ते रोज एकच. नयन एका कोपऱ्यात काहीतरी करतोय आणि जमनीमावशी त्याच्याकडे पाठ करून बसली आहे. कधी डाळ निवडत, कधी कपड्यांच्या घड्या घालत. अर्धा अर्धा तास ती मान वळवत नसे. मला वाटायचं, माझं पोर घरात एकटं आहे आणि तिथे एक बाई बसलेली आहे, इतकंच.

ऑगस्टमधल्या एका दुपारी नयन परातीतल्या पाण्यात खेळत होता. उठताना पाय घसरला आणि तो धपकन बसला. जमनीमावशी उठली नाही. वळलीसुद्धा नाही. नयन दोन क्षण तसाच बसला, मग हात टेकून आपला आपण उठला. मी तेवढा तुकडा मोबाईलमध्ये साठवून ठेवला, प्रफुल्लला पुरावा म्हणून दाखवायला, आणि अर्धी रजा टाकून स्कूटी काढली.

घरी पोचले तेव्हा तो तिच्या मांडीवर वरण-भात खात होता. मी त्याला ओढून घेतलं. मग जे बोलले ते सगळं इथे लिहवत नाही. एक वाक्य मात्र लिहिते, कारण तेच तिला लागलं असणार.

"तुम्हाला पोर सांभाळायला ठेवलंय, मावशी. पाठ फिरवून बसायला नाही."

ती घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"मी आयकून राह्यली होती ना, मॅडम."

"ऐकून काय होतं?"

तिने हात धुतला, पिशवी उचलली. नयन रडत दारापर्यंत गेला. मी मागून त्याला उचललं आणि त्याच्या पायातले घुंगरू सोडून सुयांच्या डब्यात टाकले. तुटून गिळले तर, असं मनाशी म्हटलं.

त्यानंतर पाळणाघर झालं, मग दुसरं पाळणाघर. संध्याकाळी घरी आलं की मला स्वयंपाक, त्याला मोबाईल. आधी जेवताना, मग जेवणानंतर, मग उठल्याबरोबर. गाणारा हत्ती कधीचा बिघडला. तीन वर्षांचा झाला तरी तो फार कमी बोलायचा. डॉक्टर म्हणाले, ऐकू नीट येतं, जीभ नीट आहे, मोबाईल कमी करा आणि घरात बोला. मी बोलायची. तो उत्तर द्यायचा नाही.

गेल्या आठवड्यात मोबाईलमध्ये जागा उरली नाही म्हणून मी जुने व्हिडिओ पुसायला बसले. तो परातीचा तुकडा निघाला. पुसण्याआधी लावला. या वेळी आवाज चालू होता.

आधी नुसते घुंगरू. छुन, छुन, मग पाण्याचा आवाज. मग घुंगरू थांबले. आणि डाळीच्या सुपावरून मान न उचलता जमनीमावशी म्हणाली, "छोरा, काय करून राह्यला?"

"पानी," नयन म्हणाला.

"कोनाले देतं पानी?"

"गायीले."

"पाज मंग. एक लोटा अजून पाज."

घुंगरू पुन्हा सुरू झाले. ते थांबले की तिचा आवाज येई, सुरू झाले की ती गप्प बसे. मग तो पडला. घुंगरू एकदम खळकन वाजले आणि तिचा सुपातला हात जागच्या जागी थांबला. हे चित्रात तेव्हाही होतं, मी पाहिलं नव्हतं. एका पायावर जोर देऊन ती उठायच्या बेतात होती. "लागलं का रे, छोरा?" तिने विचारलं, अगदी हळू. नयन म्हणाला, "नाई. पडलो." आणि हसला. तेव्हा कुठे तिचा हात पुन्हा चालायला लागला.

उत्तरं. दोन वर्षांचा माझा मुलगा विचारलेल्याला उत्तरं देत होता, आणि मला ते माहीतच नव्हतं.

रविवारी मी सुयांच्या डब्यातून घुंगरू काढले आणि नयनला घेऊन तांड्यावर गेले. जमनीमावशी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. जवळच तिची नात खेळत होती, दीडेक वर्षांची. आत चुलीपाशी सून बबिता. मला बघून मावशी आश्चर्य न दाखवता म्हणाली, "बसा, मॅडम." बबिताने चहा ठेवला. नयन माझ्या मागे लपला. त्याने तिला ओळखलं नाही. तिने त्याला हाक मारली नाही, जवळ ओढलं नाही. मूठभर शेंगा त्याच्या बाजूला सारल्या आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

मी माफी मागितली. व्हिडिओचं सांगितलं. ती ऐकत होती, हात चालूच.

"सांगितलं काहून नाही त्या दिवशी?" मी विचारलं. माझ्याही तोंडून गावाकडचं निघून गेलं.

"सांगितलं ना. आयकून राह्यली होती म्हून." मग म्हणाली, "लेकराकडं पाह्यलं का ते आपल्याकडं पाह्यते. मंग त्याचा खेळ सुटते. आमचे बुढे रातच्या वाटंनं बैल हाकत. कोनता बैल कुठं हाय, कोन अडकला, सगळं गळ्यातल्या घाटीच्या आवाजावरून समजे त्याइले. डोळे वाटंवर, कान मागं. तसंच हाय हे."

मी मागे पाहिलं. नयन शेंगांपाशी बसला होता. एक शेंग उभी चिरायला त्याला जमत नव्हतं, पण तो करत होता. मोबाईल माझ्या पर्समध्ये होता आणि त्याने मागितला नव्हता.

मग ज्यासाठी आले होते ते बोलले. परत याल का? ऑटोचं भाडं देईन, कॅमेरा काढून टाकते. तिने नाही म्हणून मान हलवली. कापूस वेचणीचे दिवस, बबिता आणि आजूबाजूच्या बाया वावरात जातात, सहा लेकरं तिच्याच ओट्यावर असतात. मग मी म्हटलं, निदान नयनला इथे सोडू का, सातवं म्हणून?

तिने पहिल्यांदा वळून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"आता मोठा झाला तो. घुंगरू बांधसान त लाजन," ती म्हणाली. "त्याचे ते दिवस गेले, पोरी."

मॅडम नाही, पोरी म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी घुंगरू पुढे केले. तिने दोरा ओढून बघितला, गाठी घट्ट आहेत का पाहिलं आणि तिथल्या तिथे नातीच्या पायात बांधले. निघताना चार मुठी शेंगा तिने माझ्या पिशवीत टाकल्या. "तुमीच बसत जा त्याच्यासंगं," म्हणाली. "पन त्याच्याकडं पाहू नका."

आज संध्याकाळी मी तेच केलं. एका परातीत शेंगा घेतल्या, नयनला वाटी दिली आणि ओट्याकडे तोंड करून भाजी चिरायला उभी राहिले. मागे शेंग फुटल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग काहीच नाही. विचारायचं होतं, काय करतोस रे, एवढंच. पण दाणा नाकात घातला असेल, असं मनात आलं आणि मी वळले.

तो एक दाणा चिमटीत धरून उजेडाला बघत होता. माझी नजर पडताच त्याने तो खाली टाकला, उठला आणि मोबाईल मागायला लागला.

मी दिला. आता तो झोपला आहे. शेंगा परातीत तशाच आहेत. उद्या पुन्हा मांडायच्या म्हणून झाकून ठेवल्या आहेत.