जाळं पाण्यात आहे

ज्या ऑफिसात समुद्राचा चिखल फ्रीजमध्ये ठेवतात, तिथे किस्से आपोआप साठतात, आणि चिखलासारखेच बरेच दिवस वास मारतात! आमचं ऑफिस अंधेरीत, सरकारी. समुद्रात तेलाची विहीर खणायला परवानगी देण्याआधी तिथे काय काय जगतंय, हे सरकारला कळायला हवं. ते आम्ही सांगायचं.

एकदा रिक्षावाल्याला हे समजावलं, तर म्हणाला, "मग हो म्हणून टाका ना मॅडम, पेट्रोल तरी स्वस्त होईल!" तिकडे कोळीवाड्यात गेलं की लोक आमच्याकडे चोर आल्यासारखे बघतात. दोघांचीही अडचण खरी असते, म्हणून मी वाद घालत नाही.

* * *

आमचा सावंत बोरिवलीचा, मूळचा मालवणचा. दिवसभर मायक्रोस्कोपखाली चिखलातले दोऱ्यासारखे किडे मोजतो. ते नीट दिसावेत म्हणून त्यांना गुलाबी रंग देतात. त्याच्या वाढदिवसाला बहिणीने फालुदा आणला. गुलाबी, आणि आत शेवया! सावंत ताडकन उठला.

"मेल्या, काय झाला तुका?" आई ओरडली.

"आये, ह्येंका मी सकाळपासून मोजतंय!"

* * *

वैशालीचं काम वेगळं. समुद्रात खोल मायक्रोफोन सोडायचा आणि खालचे आवाज ऐकायचे. घोळ मासे पाण्याखाली घुमतात, तेही त्यात येतं.

ती खारदांड्याच्या कोळ्याची मुलगी. तिच्या वडिलांच्या बोटीवर एक रीत आहे, जाळं पाण्यात असेपर्यंत कुणी बोलायचं नाही. ती रीत वैशालीने लॅबमध्ये आणली. हेडफोन चढवला की म्हणायची, "जाळं पाण्यात आहे!" आणि सगळे चिडीचूप.

एकदा आमचे साहेब मोबाइलवर बोलत आत शिरले. पलीकडे त्यांचेही साहेब. वैशालीने नुसतं ओठांवर बोट ठेवलं. साहेब फोनमध्ये कुजबुजले, "सर, नंतर करतो, जाळं पाण्यात आहे," आणि चक्क फोन कट केला!

* * *

मग तेलाचा एक ब्लॉक, म्हणजे विहिरींसाठी आखलेला समुद्राचा पट्टा, नेमका वैशालीच्या वडिलांच्या मासेमारीच्या जागेवर आला, आणि पाहणी आमच्याकडे. वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. "माजा दर्या इकाया निंगाली," एवढंच आईजवळ म्हणाले. समोर ती बसलेली असली तरी मीठ बायकोकडे मागायचे.

ऑफिसात डब्यातल्या तळलेल्या बोंबलांना वैशाली हात लावेना. मी म्हटलं, "सोड ना हे काम. दुसरं कुणी करेल."

"मी ऐकलं नाही, तर तिथे काही नव्हतंच असं लिहून मोकळे होतील गं."

मी तिचा हेडफोन तिच्यापुढे सरकवला.

* * *

त्याच दिवसांत तेल कंपनीचा एक माणूस ऑफिसात आला. चहा पिता पिता गोड आवाजात म्हणाला, "तो पट्टा तसा रिकामाच आहे, असं लिहिता येईल ना?"

"लिहू की," सावंत म्हणाला. "तेवढी घोळ माशाची सही घेऊन या!"

कंपनीच्या माणसाने चहा अर्धाच टाकला.

* * *

शेवटी जनसुनावणी झाली. हॉल कोळी लोकांनी भरलेला, पहिल्या रांगेत वैशालीचे वडील. ते छताकडे बघत होते, खिडकीकडे बघत होते, स्टेजवरच्या मुलीकडे मात्र नाही. आमच्याविरुद्ध घोषणा चालल्या होत्या. तिने समुद्रातलं रेकॉर्डिंग लावलं. त्या गोंधळात काही ऐकूच येईना. कंपनीच्या त्याच माणसाने माइक ओढला. "ही तर नुसती खरखर आहे! यात मासे कुठे..."

वैशालीचे वडील उभे राहिले. आधी आपल्या माणसांकडे वळले, मग त्या माणसाकडे.

"गप रावा समदी! जालं पान्यान हाय!"

सगळा हॉल शांत झाला. स्पीकरमधून घोळ घुमू लागली. ते डोळे मिटून उभेच राहिले. मग डोळे उघडून त्यांनी सरळ वैशालीकडे पाहिलं.

"आवाज जरा मोटा कर गो बाय."