बिनत्रासाच्या गोळ्या

अर्धे कपडे बादलीत भिजले होते, अर्धे बाहेर होते. भावोजींचा खाकी शर्ट पाण्यात टाकण्याआधी सवयीने खिसा चाचपला, तर कागदाची पुडी हाती लागली. आत बारीक पांढऱ्या गोळ्या. घामाने कागद मऊ पडलेला.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. सारी उमेदीची वर्षं त्यांनी एका कचेरीच्या इमारतीत लिफ्ट चालवली. लोक त्यांना 'वरखाली' म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. "सगळ्यांना पोचवतो, मीच तेवढा कुठे जात नाही," हा त्यांचा ठरलेला विनोद. आता तो अंगाशी आला आहे. आमचं घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यापासून चार पायऱ्या चढल्या तरी छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. दिवसचे दिवस खिडकीपाशी खुर्ची, खाली रस्ता.

आज मात्र त्यांच्या जुन्या कचेरीत नवी लिफ्ट सुरू व्हायची होती. पहिलं बटण 'वरखाली'नेच दाबायचं, असा सोबत्यांचा निरोप होता. भावोजी सकाळीच बूट घालून तयार.

"गोळ्या बाटलीतून का काढल्यात?" मी पुडी दाखवली.

"झाकण फिरवता फिरवता जीव जाईल, वहिनी. खिशात कशा हाताशी राहतात. आणि आता गुणी झाल्यात हो! पूर्वी एक जिभेखाली ठेवली की डोकं ठणकायचं. आता अगदी बिनत्रासाच्या."

"आणि छातीतली कळ?"

ते दाराच्या कडीकडे बघू लागले. "थांबते. जरा उशिरा थांबते, एवढंच."

ओल्या हातानेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "त्या गोळीपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. आपल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तरही तो थोडाथोडा बनवत असतं. तो वाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल करतो. वाहिनी रुंदावते, रक्ताला वाट मिळते, हृदयावरचा भार उतरतो. डोक्यातल्याही रुंदावतात, म्हणून ठणका. पण गोळ्या उघड्यावर, अंगाच्या उबेत राहिल्या की त्यांचा दम जातो. तुमच्या दिरांचं डोकं दुखायचं थांबलं ते बहुधा त्यामुळेच. जिना उतरू देऊ नका, मी संध्याकाळी येऊन तपासते. मध्येच बसल्या जागी दुखलं तर माझी वाट न बघता थेट दवाखान्यात न्या."

एवढीशी वाट मोकळी करायची सोय देवाने माणसाच्या आतच करून ठेवली आहे, आणि आपल्याला पत्ताही नाही. मी मनातल्या मनात हात जोडले आणि दाराला आतून कडी घातली.

"मला कोंडताय?" भावोजींचा आवाज चढला.

"हो."

"बटण दुसराच कुणी दाबेल!"

"दाबू दे."

बराच वेळ ते दारापाशीच उभे राहिले. मग खुर्चीत बसले. बूट काही काढले नाहीत.

"लिफ्ट अडकली की आतल्या लोकांना मी काय सांगायचो, ठाऊक आहे? दार ढकलू नका, दुरुस्तीचा माणूस निघालाय."

"मग तेच स्वतःला सांगा," मी म्हणाले. शेजारच्या काकूंना त्यांच्यापाशी बसवलं, कपडे तसेच बादलीत ठेवले आणि औषधाच्या दुकानात निघाले, गोळ्यांची नवी, सीलबंद बाटली आणायला.