भिजत घातलेली होडी

होडी आमच्या दारात उतरली तेव्हा गल्लीतल्या बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत उभ्या होत्या. ट्रॅक्टरची ट्रॉली उलटी येत येत फाटकाशी थांबली आणि चार माणसांनी चौदा-पंधरा फुटांची लाकडी होडी हळूहळू अंगणात उतरवली. मग मागून एक बाई म्हणाली, "साहेब, आता होडीत बसून पाणी आणता काय?" सगळी गल्ली हसली. मीही हसलो. दुसरं काय करणार?

मी तेव्हा मासेमारी खात्यात सुपरवायझर होतो, मुक्काम उदगीर. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. पेपरात त्याचं कौतुक यायचं आणि आमच्या ऑफिसात दोन टेबलं, एक कपाट आणि न फिरणारा पंखा होता. जीप मागवली होती, जाळी मागवली होती, होडीही मागवली होती. सगळं मागवलेलं होतं, आलेलं काहीच नव्हतं. आणि त्यात दुष्काळ. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेलेले.

माझं काम सोपं करून सांगतो. तलावात बोटाएवढी माशांची पिल्लं सोडायची, ती वाढू द्यायची आणि गावच्या भोई लोकांच्या सोसायटीला ती धरता येतील हे बघायचं. देवणीकडच्या एका तलावात आम्ही कटला जातीचा मासा सोडला होता. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. दोन वर्षांत मासा मांडीएवढा झाला होता. सोसायटीची दहा-बारा घरं त्यावर डोळे लावून बसली होती. हा मासा निघाला तर वर्ष निघणार होतं. नाही निघाला तर सगळ्यांनी हैदराबादला बांधकामावर जायचं ठरलं होतं.

मासा निघायला अडचण होती ती चिखलाची. तलाव आटत आटत मधल्या खोलगट भागात आला होता आणि भोवती कंबरभर, कुठे छातीभर गाळ. एरवी हे लोक फुगवलेल्या ट्यूबवर पालथे पडून जाळी लावतात. पण पाणी उतरलं तशी तळातली जुनी बाभळीची खुंटं वर आली, ट्यूब फाटायला लागल्या. सोसायटीचा चेअरमन मरीबा. त्याचा मेव्हणा असाच ट्यूब फुटून गाळात रुतला. दोऱ्या टाकून त्याला ओढून काढलं तेव्हा तो बोलायचाही राहिला होता. त्यानंतर एकच उपाय उरला, होडी. नांदेडकडे गोदावरीवर होड्या होत्या, पण तिकडेही हीच गत. आपली होडी कोण देईल?

मरीबाकडे बापाच्या वेळची सागवानी होडी होती. तिची हालत मात्र बघवत नव्हती, आणि ती झाली होती या लोकांच्या एका चांगल्या रीतीमुळे. मासेमारी नसते त्या महिन्यांत होडी ते उन्हात ठेवत नाहीत. आत धोंडे भरून काठाजवळच्या पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड ओलं राहतं, फळ्या उकलत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली रीत. त्या वर्षीही मरीबानं होडी नेहमीच्याच जागी बुडवली आणि बायकोला घेऊन रोजगार हमीच्या खडीवर गेला. इकडे पाणी होडीला सोडून निघून गेलं. तो परत आला तेव्हा होडी भेगाळलेल्या जमिनीत तापत पडली होती. फळ्यांमधून बोट आरपार जात होतं.

"लाकूड जळून गेलं साहेब," तो मला म्हणाला. "माझा बाप आसता तर जोड्यानं हाणला आसता."

मी कोकणात ट्रेनिंगला होतो तेव्हा होडीची डागडुजी शिकलो होतो. गावात माणसांनाच पाणी नव्हतं, आमच्या गल्लीत निदान टँकर यायचा. तलावातच बुडवावी, तर पाणी भरलेली होडी त्या गाळातून परत ओढून काढता आली नसती. म्हणून होडी माझ्या घरी. पाण्याचा आणि दुरुस्तीचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. सगळा संबंध तोच आहे. वाळलेली फळी आकसते आणि पाण्यात गेली की फुगते. आकसलेल्या फटी आधीच गच्च भरल्या तर फळीला फुगायला जागा राहत नाही. मग खिळे उपटतात नाहीतर फळी फाटते, आणि तेही बरोबर तलावाच्या मधोमध. म्हणून आधी होडी भिजवायची, फट जेवढी मिटते तेवढी मिटू द्यायची आणि उरलेलीच भरायची.

"किती दिस?" मरीबानं विचारलं.

"आठ-दहा तरी."

"लई झाले."

आमच्या वरच्या साहेबांचा लातूरहून फोन आला होता. ते म्हणाले होते, "कांबळे, तो तलाव पिण्यासाठी राखीव झालाय. पंप महिनाअखेरीला लागतील. तोवर काय मासे काढायचे ते काढून घ्या." महिनाअखेरीला अजून पंधरवडा होता. मी मरीबाला तेच सांगितलं. हिशोब बसत होता.

होडीला आतून-बाहेरून गोणपाट गुंडाळलं आणि ते ओलं ठेवायला सुरुवात केली. पाणी कुठलं? माझी बायको शोभा परातीत बसून आंघोळ करायची, मीही तसाच. ते पाणी होडीला. भांड्यांचं पाणी होडीला. डाळ धुतलेलं पाणीसुद्धा होडीला. मुदखेडहून माझी सासू आली होती, ती म्हणाली, "जावईबापू, एवढी बडदास्त माझी तरी ठेवा की." ती दोन दिवसांत परत गेली. आम्ही थांबा म्हणालो नाही, खरं सांगायचं तर तिच्या वाटचं पाणी वाचलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी घरमालक आले. शिवलिंगअप्पा, चौकात भुसार मालाचं दुकान, कपाळाला विभूती, माणूस सरळ पण तोंडाचा तिखट. मी गोणपाटावर तांब्यानं पाणी शिंपडत होतो.

"कांबळे, हे काय लावलंय?"

"होडी भिजवून राहिलो, अप्पा."

"लोकायला प्यायला न्हाई आन् तुम्ही लाकडाला पाजून राहिले? लाज वाटते का न्हाई?"

शोभा आतून बाहेर आली. "आंघोळीचं पाणी हाय अप्पा. वास घेऊन बघा, साबणाचा येतो."

अप्पांनी वास घेतला नाही. ते ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "ह्या गल्लीत टँकर कुठून येतो, ठाऊक हाय का तुम्हाला? परवापासून तुमच्याच तलावावरून येऊन राहिला. डायवर सांगत होता. तिथं पंप बसलाय."

मी तांब्या खाली ठेवला.

मी तसाच ऑफिसात गेलो आणि साहेबांना ट्रंक कॉल लावला. "साहेब, पंप तर महिनाअखेरीला होता ना?"

"पाण्याचे बाकीचे दोन उद्भव आटले, कांबळे. वरून ऑर्डर आली. माणसं आधी की मासे आधी?"

"माणसं आधी, साहेब. पण तिथं मासे म्हणजे पण माणसंच—"

"ते मला सांगू नका. होडीचं काय ते लवकर उरका."

फोन ठेवला. राग आला होता, भयंकर आला होता, पण तो धरू कोणावर? सकाळी मी त्याच टँकरचं पाणी पिऊन घरून निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी मरीबा आला, बरोबर त्याची बायको तुळसाबाई. तलावाचं पाणी अर्धा पुरुष खाली गेलं होतं. मरीबानं गोणपाट उचलून फटींवरून बोट फिरवलं. निम्म्याहून जास्त मिटल्या होत्या. बुडाकडच्या दोन अजून उघड्या होत्या.

"भरून टाका साहेब, आसंच. जे व्हायचं ते होईल."

मी म्हणालो, बुडाचीच फळी आहे. तिथला खिळा उपटला तर होडी जागच्या जागी बसेल. तो ऐकायला तयार नव्हता. मग तुळसाबाई बोलली. गाळातून काढलेला तो माणूस तिचाच भाऊ होता.

"न्हाई," ती म्हणाली. "भिजू द्या आजून दोन दिस. एकाला वढून काढला, दुसऱ्याला काढायला आता आंगात बळ न्हाई."

मरीबानं गोणपाट परत फटींवर ओढलं. दोन दिवस आणखी भिजवायचं ठरलं.

ते दोन दिवस दोघं आमच्याकडेच राहिले. ओसरीवर शोभा आणि तुळसाबाई कापसाच्या लांब वाती वळत बसायच्या, देवापुढच्या वातीच्या चौपट जाड. त्या वाती राळेत आणि तेलात भिजवायच्या आणि बोथट छिन्नीनं फटीत ठोकून बसवायच्या. सैल राहिली तर गळते, जास्त ठोकली तर फळी ताणते. मरीबाचा हात धरून मी पहिली फट भरली, बाकीच्या त्यानं एकट्यानं भरल्या. त्यावर बाहेरून डांबर. डांबर ओलं असताना होडीला हात लावायचा नसतो, एक रात्र तरी सुकू द्यावं लागतं. संध्याकाळी शेवटचा हात मारून आम्ही उभे राहिलो. होडी चांगली दिसत होती. नव्यासारखी म्हणणार नाही, पण कामाची.

आणि तेवढ्यात आभाळ आलं.

पश्चिमेकडून काळंभोर. गल्ली बाहेर आली. कोणी खाटा आत घेतल्या, कोणी उगाचच पातेली अंगणात मांडली. अप्पासुद्धा दुकान सोडून आले, तोंड वर करून बघत उभे राहिले. मरीबा माझा दंड धरून म्हणाला, "साहेब, आलं! आभाळ आलं!" इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला होता.

मला मात्र ते आभाळ नको होतं. ते का, हे धंद्यातल्या माणसालाच कळेल. आटलेल्या गरम पाण्यात शेवाळ फार माजतं, पाणी हिरवंगार होतं. ऊन असेपर्यंत हे शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं, मासे त्यावर जगतात. ऊन नसलं की तेच शेवाळ तोच प्राणवायू ओढून घेतं. अशात आभाळ दाटून आलं, वारा पडला आणि पाणी कमी असलं, तर पहाटेपर्यंत तलावात श्वास घ्यायलाच काही उरत नाही. पाऊस कोसळला तर वाचतात, वारा सुटला तरी वाचतात. मी वर बघत होतो. कडुलिंबाचं पान हलत नव्हतं.

मी मरीबाला सांगितलं. त्याला पटलं नाही, मग पटलं. तो म्हणाला, "आत्ताच जाऊ." डांबर ओलं, ट्रॅक्टरवाला सकाळशिवाय येणार नाही, आणि अंधारात त्या खुंटांमध्ये करणार काय? हे त्याला माझ्याआधी कळलं. तो होडीशेजारी जाऊन बसला. पाऊस आला नाही. गल्ली वाट बघून बघून आत गेली.

दिवस उजाडताना आम्ही होडी ट्रॉलीत घातली. तलाव दिसायला लागला तेव्हा लांबून वाटलं, काठावर कोणी धोतरं वाळत घातलीत. जवळ गेलो. पोटं वर करून पडलेले मासे होते, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. सोसायटीची सगळी घरं काठावर उभी होती. व्यापाऱ्याचा टेम्पो आदल्या दिवशीच सांगून ठेवलेला, तोही आला होता. त्यानं एक मासा उचलून कल्ला उघडला. आत लाल असायला हवं तिथं राख झाली होती. त्यानं मासा खाली ठेवला, हात पुसले आणि टेम्पो रिकामाच फिरवला. तुळसाबाई मटकन खाली बसली. मला रडू आलं, मी ते लपवलंही नाही.

उन्हं वर येताना पंपावरचा इंजिनीअर जीप घेऊन आला. तरुण होता, बिचाऱ्याला बोलवत नव्हतं. "हे आज संध्याकाळच्या आत निघालं पाहिजे हो. नाहीतर पाणी नासेल. एवढं मोठं गाव यावर आहे." मग त्याची नजर ट्रॉलीकडे गेली. "अरे, होडी आहे की तुमच्याकडे!"

मरीबानंच पुढे होऊन दोरी सोडली. गाळावरून ढकलत आम्ही होडी पाण्यात नेली. ती तरंगली. वाकडी नाही, जड नाही, पाण्यावर अशी बसली की कोकणातल्या माझ्या मास्तरांनी पाठ थोपटली असती. दिवसभर मरीबा आणि त्याची माणसं मेलेले मासे गोळा करत राहिली. होडी भरून काठाला यायची, रिकामी होऊन परत जायची. काठापासून लांब खड्डे खणले होते, त्यात मासे टाकून वर चुना आणि माती. दोन वर्षं ज्यांच्यासाठी जाळी विणली ते मासे त्यांनी असे पुरले.

शेवटच्या फेरीला मीही होडीत होतो. पायाशी मासे, आणि वास असा की श्वास तोंडानं घ्यावा लागत होता. मरीबानं वल्हं थांबवलं, खाली वाकला, मासे बाजूला सारून, त्यांचं निथळलेलं पाणी डोक्याच्या फडक्यानं पुसून बुडाच्या फळीवर तळहात टेकला. बराच वेळ तसाच राहिला. मग हात वर करून मला दाखवला. कोरडा होता.

"साहेब," तो म्हणाला, "एक थेंब आत आला न्हाई."

पुढच्या आठवड्यात त्यांची घरं हैदराबादला गेली. साहेबांनी फोनवर मला शाबासकी दिली, ऐन वेळी होडी तयार होती म्हणून. आता कोणी मला विचारलं, अमुक दुरुस्तीला किती दिवस लागतील, तर मी आकडा सांगत नाही. आधी विचारतो, तुमच्याकडे किती आहेत.