भरीत चालतं, भाकर नाही

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात ख्रिस्तप्रसाद होता. भुसावळच्या आमच्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा, म्हणजे प्रसादाची उपासना, मी वेदीपासून हात जोडून परततोय आणि खिशात फोन थरथरतोय. अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण, धुळ्याला देवपुरात राहायच्या. निरोप पाठवायलाही त्यांनी नेमकी हीच वेळ गाठावी... नाटकाचं अंग आम्हा दोघांनाही होतं.

आम्ही कॅथलिक, अक्का प्रोटेस्टंट. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाचं, म्हणजे त्यांच्याकडच्या प्रसादाचं, ताट बाकावरून हातोहात फिरतं. बाप्तिस्मा झालेल्या कुणाही विश्वासणाऱ्याने भाकरीचा तुकडा घ्यावा. आमचा नियम निराळा. आमच्या वेदीशी त्यांना प्रसाद नाही, त्यांच्या ताटातलं आम्हाला नाही. म्हणून देवपूरला गेलो की ते ताट मी गरम कढईसारखं झेलायचो आणि डावीकडे अक्कांच्या हाती द्यायचो. घरी येताच त्या सुरू! "काय हो जावईबुवा, माझं भरीत दोनदा मागून घेता. बठ्ठं चालस तुमले, हाईच कसं नही चालस?" सगळं चालतं, मग ताटातली भाकरच का नाही, असा त्यांचा सवाल. मी म्हणायचो, "अक्का, भरिताबद्दल पोपसाहेब काही बोललेले नाहीत." त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. पण भुसावळला आल्या की आम्ही प्रसादाच्या रांगेकडे निघताना गुडघे आवरून वाट करून द्यायच्या, आणि बाहेर पडल्यावर हळूच म्हणायच्या, "पंगतीला बोलावता आणि पान मांडत नाही."

शेवटची भेट त्यांच्या खाटेपाशी. त्यांच्या चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, घरी प्रभुभोजन घेऊन आले होते. अक्कांनी आपल्या तुकड्याचे दोन केले आणि एक माझ्यापुढे धरला. "आज नाही म्हणू नका." एरवी चारचौघांना हसवणारा मी... "अक्का, आमच्यात चालत नाही," एवढंच म्हणालो. हात बराच वेळ तसाच राहिला. मग दोन्ही तुकडे त्यांनीच खाल्ले. "बरं, भरीत तरी खाऊन जा." आणि मी खाल्लं. दोनदा मागून.

नियम चूक होता असं मी आजही म्हणत नाही. पण जेवायला बसलो की तो हात समोर येतो, आणि घास तोंडातच फिरत राहतो.

गेल्या रविवारी देवपूरला त्याच बाकावर बसलो. ताट आलं. सवयीने मी ते डावीकडे धरलं... आणि तसाच धरून राहिलो. ताट फिरवणारे गृहस्थ वाकून कुजबुजले, "घ्या भाऊ, नाहीतर पुढे द्या."

पुढे द्यायला अक्का नव्हत्या.