गुलाबी फेट्यातले पितांबर सर

पितांबर सरांना एरंडोलात दोन गोष्टी सहन होत नसत : डास आणि पुढारी. डास निदान चावून उडून जातात, असं ते म्हणत.

कॉलेजात ते इतिहास शिकवत. संस्थेचे अध्यक्ष रुपचंद आबा आणि उपाध्यक्ष भाईदास नाना यांचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य. "हे आमचे उमराव!" सर स्टाफरूममध्ये नाक मुरडत. "इंग्लंडचे सरदार घोड्यावर तरी बसायचे. हे जीपमधून पाय बाहेर काढून पिंका टाकतात. एकाला कापसातलं कळतं, दुसऱ्याला तेही नाही."

हे सगळं हळू आवाजात. कारण सरांची नोकरीतली उमेदवारी संपत आली होती आणि कायम करणं आबांच्या हातात होतं. बायको लताबाई तान्ह्या लेकीला घेऊन भुसावळला माहेरी बसल्या होत्या. सासरे रेल्वेत गार्ड. हिरवा झेंडा दिसल्याशिवाय गाडी हलवायची नाही, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. आधी कायमची ऑर्डर, मग संसार.

जानेवारीत आबा सरांचा तास ऐकायला आले आणि मागच्या बाकावर मांडी घालून बसले. तासाला होता इंग्लंडचा राजा सातवा हेन्री.

"याला गादी मिळाली सरदारांच्या जिवावर," सर रंगात आले, "आणि बसल्या बसल्या धास्ती वाटली ती सरदारांचीच. जो तो आपल्या रंगाचे कपडे घातलेली माणसं पदरी बाळगून. हेन्रीनं त्याला कायद्यानं बंदी केली, आणि मुंडकी उडवण्यापेक्षा जामीन लिहून घेतले. वाकडं वागलास तर एवढा दंड! टांगती तलवार माणसाला सरळ ठेवते. एकदा म्हणे तो ऑक्सफर्डच्या सरदाराकडे जेवायला गेला. निघताना बघतो तर दुतर्फा एकाच पोशाखातली माणसं. राजा म्हणाला, पाहुणचार झकास, पण माझा कायदा माझ्या डोळ्यांदेखत मोडलेला चालणार नाही. आणि ठोकला दंड! ज्यानं लढाई जिंकून दिली, त्यालाच!"

"राजा हुशार शे!" मागून आबा म्हणाले.

गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणत सरांनी लवून नमस्कार केला.

एप्रिलात नानांच्या मुलीचं लग्न निघालं. सर गेले ते वरण-बट्टी खायला, आणि थोडं हसायला. मांडवाच्या तोंडाशीच फेटेवाल्यानं त्यांना धरलं. "नानांनी सांगितलंय, प्रोफेसर लोकांना बांधा."

"छे छे, मला असले चाळे आवडत नाहीत," सर म्हणाले. पण मान हलू नये म्हणून ताठ धरून म्हणाले. उपाध्यक्षांचंही एक मत असतंच. शिवाय आरशात पाहिलं तर गुलाबी रंग त्यांना खुलत होता.

तेवढ्यात आबांची जीप आली. नानांनी घाईघाईनं सगळे गुलाबी फेटे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे केले. निम्मं कॉलेज त्यात होतं.

आबा थबकले. "मांडव झकास, नाना. ह्या बठ्ठा मानसे तुमनाच शेतस का?"

"बठ्ठा मनाच, आबा!" सगळी आपलीच म्हणताना नानांची छाती फुगली.

आबा सावकाश चालत सरांपुढे आले. फेट्याचं खांद्यावरचं टोक त्यांनी प्रेमानं सरळ केलं.

"सर, त्या राजानी मंग काय करं व्हतं?"

सरांनी फेटा काढायला हात वर नेला, पण फेटेवाल्यानं तो पक्का बांधला होता.

आबांनी एकालाही काढलं नाही. फक्त ज्यांच्या डोक्यावर गुलाबी फेटा होता, त्या उमेदवारांची मुदत वर्षभर वाढली, "वागणूक पाहून". नाना ज्यांना आपली म्हणाले होते, ती माणसं दुसऱ्या दिवसापासून सकाळी आबांच्या ओट्यावर दिसू लागली. सर त्यात पहिले. भुसावळला त्यांनी कळवलं, सिग्नल लाल आहे.

पुढच्या जानेवारीत सातवा हेन्री आला आणि आबाही येऊन बसले. सरांनी घाम पुसला.

"ऑक्सफर्डची गोष्ट परीक्षेला नाही," ते वर्गाला म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या, सर," आबा म्हणाले. "माले पाठ शे."