बारा दिवसांनी मोठी

घरी पाहुणे जमले की मला हॉकीच्या मॅनेजरकीची गोष्ट सांगायला लावतात, आणि मीही आढेवेढे न घेता सांगतो. सोळा पोरींसाठी घेतलेली केळी एसटीतच विसरून मी गोलकीपरचं हेल्मेट छातीशी धरून कसा खाली उतरलो, किंवा आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला तेव्हा ती आपल्यालाच झालेली शिक्षा आहे असं समजून मी पंचांच्या अंगावर कसा धावून गेलो. सगळे पोट धरून हसतात. बायको मात्र मधेच उठून आत जाते. गोष्ट मी बार्शीच्या मैदानाच्या फाटकापर्यंतच नेणार आणि तिथं सोडून देणार, हे तिला पाठ झालंय.

फाटकाच्या आतलं आज लिहितो.

मी मॅनेजर झालो तो खिशाला दोन पेनं होती म्हणून. लेक नववीत होती, शाळेच्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या संघात. पालकसभेला सात आया आणि मी एकटा बाप. खेळाचे सर, वीस वर्षं त्याच मुरमाच्या मैदानावर शिट्टी मारून रापलेला माणूस, त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्या खिशावर थांबवली.

"भाईसाब, आप लिखापढी का काम करते क्या?"

"सरकारी कचेरीत आहे. आवक-जावक बघतो."

"हौ, फिर हो गया. तुम्हीच मॅनेजर. मॅनेजर बोले तो दोनच कामं, पाणी और पेपर. खेळ मेरे पे छोडो."

हॉकीची काठी मी तोवर हातात धरली नव्हती. पण पाणी आणि पेपर म्हटल्यावर मला स्फुरण चढलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "पाण्याचं जमेल तुम्हाला."

लेक राखीव गोलकीपर होती. पळायचा कंटाळा म्हणून तिनं ती जागा मागून घेतली होती, आणि चेंडू आला की ती डोळे मिटून घ्यायची. मी बाप असूनही हे लिहितो आहे, म्हणजे बघा. पहिली गोलकीपर दहावीतली, सडपातळ, कमी बोलणारी. चेंडू निघायच्या आधीच ती दोन पावलं पुढं आलेली असायची. कुठून कळायचं तिला, कोण जाणे. शाळेकडं गोलकीपरच्या पॅडचा एकच जोड होता. तो ती घालायची आणि आमची लेक बाहेर बसून तिची बाटली सांभाळायची. दोघींची मैत्री मात्र घट्ट. डबा एकत्र, वेणी एकमेकींची.

तिचे वडील चिंचोळी एमआयडीसीत पाळीवर जायचे. आई युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात काज-बटणाला होती. आईचं माहेर वळसंगचं, घरात कानडी, बाहेर मराठी. जिल्ह्याचा सामना जिंकल्यावर ही आई मला मैदानाच्या भिंतीपाशी भेटली. हातात पिशवी.

"साहेब, तुमीच कागदाचं बघता न्हवं? सर म्हणले, बार्शीला मोठ्या शाळेची मानसं येनार हायेत. हॉस्टेलची. गोलकीपर बघायला."

"हो, निवासी क्रीडा शाळेचे लोक. विभागाच्या सामन्यांना येतात."

"हिचा बाप म्हनतोय, त्यांनी उचलली तर जाऊ दे. राहनं, खानं, शाळा समदं तितंच. न्हाय उचलली तर दहावी झाली की माझ्याबरोबर काज-बटनाला. त्याचा शब्द येकदा गेला की गेला." मग ती हसली. "म्हनून म्हनलं, कागद नीट लावा की."

कागद नीट लावा. मला हे सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. मी म्हणालो, "ताई, घरात असेल नसेल ते सगळं आणा. निवडायचं काम माझं."

जिल्ह्याच्या वेळी सरांनी कागद कसे नेले होते ते मी पाहिलं होतं. एका पोरीमागं तीन कागद, शाळेचं ओळखपत्र, रजिस्टरचा उतारा आणि आधार. तेही बिस्किटाच्या पुड्याच्या पिशवीत घालून. माझा जीव वरखाली झाला होता. आमच्या कचेरीत अशा पिशवीला कोणी हात लावला नसता. मी सोळा प्लॅस्टिकची फोल्डरं आणली, नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, अनुक्रमणिका केली. मागितलेले तीन कागद तर होतेच. त्यांच्यामागं रेशनकार्ड, मागच्या इयत्तेची गुणपत्रिका आणि असेल त्या पोरीचा जन्मदाखला. सहा सहा कागद. कागद जास्त झाला म्हणून आजवर कुणाचं काम अडलेलं मी पाहिलं नव्हतं.

झेरॉक्सच्या दुकानात त्या पोरीच्या आईनं आणलेली पिशवी उघडली. एकेक कागद सरळ करून दुकानदाराला देत होतो. त्यात वळसंगचा जन्मदाखला होता, चौघडी घातलेला, घड्यांवर विरलेला. त्यावरची तारीख डिसेंबरातली होती. शाळेच्या उताऱ्यावर तिचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा, एक जून.

एक जूनचं कुणाला नवल वाटायचं कारण नाही. आमच्या कचेरीत एक जूनला निम्मा स्टाफ पेढे वाटतो. पोर शाळेत घालायला आणलं आणि हाताशी कागद नसला की गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझ्या वडिलांचा जन्मही एक जूनचाच. आता हे कमी झालंय, पण संपलेलं नाही. हिच्या वेळी दाखला माहेरी राहिला असणार, आणि मागाहून कधीतरी तो काढून आईनं पिशवीत ठेवला असणार.

आणि वयाची मर्यादा त्या दोन तारखांच्या मधल्या एक जानेवारीची होती. त्याआधी जन्मलेली पोर चालत नव्हती.

हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या दिसलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. दोन तारखा दिसल्या आणि माझ्यातला आवक-जावकवाला जागा झाला. आमच्याकडं दोन कागद एकमेकांशी भांडायला लागले की खालच्या माणसानं निवाडा करायचा नसतो. दोन्ही जोडायचे आणि वर पाठवायचे. वरचे बघतील. अठ्ठावीस वर्षं मी हेच केलं आणि एकदाही मेमो आला नाही. दुकानदारानं विचारलं, "साहेब, ह्याची पण काढायची का? लई फाटलाय."

मी म्हणालो, "काढा. दोन प्रती."

बार्शीला मैदानाच्या कडेला मांडव घातला होता. टेबलाशी तपासणीला एक पिकल्या केसांचे गृहस्थ बसले होते. इतर शाळांच्या पिशव्या, पाकिटं, पंचिंग केलेल्या फायली यांच्यात माझी सोळा फोल्डरं इतकी उठून दिसत होती की मला लाज वाटावी इतका अभिमान वाटला. गृहस्थही म्हणाले, "वा, मॅनेजर असावा तर असा." अकरा फोल्डरं भराभरा झाली. बाराव्यावर ते थांबले. एक पान पुढं, एक पान मागं. चष्मा कपाळावर चढवला.

"साहेब, हे काय आहे?"

"जन्मदाखला."

"तो मागितला होता का आम्ही?"

"नाही. पण पूर्ततेसाठी म्हणून..."

शेजारी समोरच्या संघाच्या मॅनेजर बाई आपला नंबर यायची वाट बघत उभ्या होत्या. त्यांची मान आपोआप वाकली. बोट तारखेवर गेलं. त्या काही वाईट बाई नव्हत्या, पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, "ही तर बारा दिवसांनी मोठी भरते की."

गृहस्थांनी फोल्डर मिटलं. आवाज खाली आणून मला म्हणाले, "तुम्ही लावलाच नसता तर मी बघितलाच नसता. आता बघितलंय, ह्यांनीही बघितलंय. मी काय करू सांगा?"

सर धावत आले. आधी मराठीत बोलले, मग उर्दूत, मग हात जोडले. काही झालं नाही. होण्यासारखं नव्हतंच, नियम होता आणि पोरगी खरोखरच बारा दिवसांनी मोठी होती. सर माझ्याकडं वळले. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाले, "भाईसाब, तीन कागद बोला था ना मैं." बस, इतकंच.

ती पॅड बांधून तयार होती. काय झालंय ते तिला सरांनी सांगितलं. मी पाण्याचे कॅन उगाच इकडचे तिकडं करत राहिलो. तिनं सगळं ऐकून घेतलं, खाली बसली आणि पट्टे सोडायला लागली. मग आमच्या लेकीला समोर उभी करून तेच पट्टे तिच्या पायाला आवळायला लागली. लेक रडत म्हणत होती, "मी नाही घालणार, मला नाही येत." ती म्हणाली, "गप की. डोळं उघडं ठेव फक्त. डावीकडनं येतात त्या."

सामना आम्ही सहा-शून्यनं हरलो. लेकीनं डोळे उघडे ठेवले होते, तरीही सहा. क्रीडा शाळेचे दोघे मध्यंतरापर्यंत थांबले, वहीत काही लिहिलं आणि पलीकडच्या मैदानावर गेले. ती दोरीच्या बाहेर उभी राहून शेवटपर्यंत ओरडून सांगत होती, डावीकडं, पुढं ये, पुढं ये. दुसऱ्या अर्ध्यात तिचा आवाज बसला.

परतीच्या एसटीत एक आई मागच्या सीटवर दुसरीला म्हणाली, मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात, "स्वतःची पोरगी खेळावी म्हणून कोण काय करील सांगता येत नाही बाई." माझी लेक माझ्या शेजारी होती. तीही ऐकत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, खिडकीकडं तोंड केलं. सोलापूर येईपर्यंत ते तसंच राहिलं.

बायकोला घरी सगळं सांगितलं. म्हणजे, वरचं वरचं. ती म्हणाली, "तुम्हाला तारीख दिसली नव्हती?"

"सोळा पोरींचे सहा सहा कागद, अगं. कुठं कुठं बघू?"

ती म्हणाली, "तुम्ही भाजीवाल्याच्या वजनकाट्यावरचा शिक्का वाचता."

मग मी जे करतो तेच केलं, मार्ग काढायला बसलो. एकोणीस वर्षांखालचा गट असतो. अकरावीला हॉकीचा संघ असलेल्या कॉलेजात प्रवेश घेतला तर ती पोरगी आणखी एक वर्ष तरी खेळू शकते. प्राचार्यांना भेटलो, अर्ज आणला, अर्धा भरलाही. दहावीचा निकाल लागला त्या रविवारी तो घेऊन त्या पोरीच्या घरी गेलो. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत वडील लुंगीवर, पाळीवरून नुकतेच आलेले. मी बोलत होतो आणि ते माझ्या हातातल्या फोल्डरकडं बघत होते.

"किती लागतील?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं फी. आकडा सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"कागद. कागद किती लागतील म्हनतोय."

मी फोल्डर मांडीवर पालथं घातलं.

"तुमी म्हनला आना, हिनं समदं आनून दिलं. आता बास, साहेब. सोमवारपास्नं आईसंगं जातीय ती. बोललोय मी सुपरवायझरला."

तिची आई चहा घेऊन आली. मी विचारू नये ते विचारलं, "ताई, खरी तारीख कुठली हो?"

"दोन्ही खऱ्याच की," ती म्हणाली. "येक आमची, येक शाळंची. आमाला काय म्हाईत दोन्ही येका ठिकानी दावायच्या न्हाईत." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मग तिनं आत हाक मारली, "इल्ली बा," आणि पोरगी दारात आली. केस बांधलेले, हातात अर्धी सोललेली लसणाची पाकळी.

मी म्हणालो, "बेटा, एकदा विचार कर. अर्ज तयार आहे. मी बाबांशी पुन्हा बोलेन."

ती अर्जाकडं न बघता माझ्याकडं बघत होती. गोलात उभी राहून समोरच्या काठीकडं बघायची, तसंच.

"काका, एक विचारू?"

"विचार की."

"झेरॉक्स काढताना तुम्ही बघितली होती का ती तारीख?"

आई थांबली. वडीलही वळले. मला हो म्हणता आलं असतं. त्या घरातला माझा चहाचा कप त्यानंतर कदाचित भिरकावला गेला असता, किंवा काहीच झालं नसतं. पण आपलं आयुष्य चुकून वळलं की कुणीतरी बघून वळवलं, हे तरी त्या पोरीला कळलं असतं.

"नाही गं," मी म्हणालो. "गडबडीत राहूनच गेलं."

"वाटलंच मला," ती म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "सगळ्या बायका काहीबाही बोलत होत्या. मी सांगितलं त्यांना, काका तसे न्हाईत."

मग ती आत गेली, आणि मी चहा संपवला. गरम होता, तरी संपवला.